चाळीस डुकरं आणि एक गोल बुरुज

दोस्तांनो, आज गोष्टीच्या आधी एक कोडं.

इंग्लंडमध्ये लंडनच्या आग्नेयेला, मेडवे नदीच्या काठावर रोचेस्टर नावाचं गाव आहे. तिथे एक जुना किल्ला आहे. किल्ल्यात एक भला थोरला दगडी मनोरा आहे. मनोरा चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरुज. पण जरा नीट निरखून पाहिलं, की डोळ्याला काहीतरी खटकतं. तीन बुरुज चौकोनी आहेत आणि चौथा मात्र चक्क गोल!

का बरं असं? गवंड्याचं गणित चुकलं? की कुणा राजाची हौस? तुमचं उत्तर मनात ठेवा. आपण आता आठशे वर्षं मागे जाणार आहोत. गोष्ट संपेपर्यंत कोडं आपोआप सुटेल.

राजा चिडला

साल १२१५. इंग्लंडच्या गादीवर जॉन राजा होता. सरदारांचं आणि त्याचं मुळीच पटत नव्हतं. जून महिन्यात सरदारांनी त्याच्याकडून एक करार कबूल करून घेतला. हाच तो प्रसिद्ध ‘मॅग्ना कार्टा’. राजानेसुद्धा कायद्याप्रमाणे वागलं पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. जॉनने करार कबूल केला खरा, पण मनातून तो धुमसत होता. थोड्याच महिन्यांत करार मोडला आणि लढाईला तोंड लागलं.

सरदारांनी रोचेस्टरचा किल्ला ताब्यात घेतला. जागा मोक्याची होती. समुद्राकडून लंडनला जाणारा रस्ता इथेच मेडवे नदी ओलांडत असे. विल्यम द ऑबिनी हा किल्ल्यातल्या लोकांचा म्होरक्या. त्याच्याबरोबर शंभराच्या आसपास सरदार आणि त्यांचे शिपाई होते. ते घाईघाईत आत शिरले तेव्हा कोठारात धान्य फारसं नव्हतंच. ११ ऑक्टोबरला राजाचं सैन्य येऊन धडकलं. राजाच्या माणसांनी आधी नदीवरचा पूल तोडला. का? लंडनहून मदत येऊ नये म्हणून. पुढे लंडनहून मदत निघाली, पण ती अर्ध्या वाटेवरूनच परत फिरली. आतली माणसं एकटी पडली.

आता किल्ला कसा होता ते बघा. मनोऱ्याची उंची कोपऱ्यांवरच्या बुरुजांसकट सुमारे १२५ फूट. म्हणजे आजच्या दहा-बारा मजली इमारतीएवढी. तळाशी भिंतीची जाडी सुमारे १२ फूट! तुमच्या वर्गाच्या भिंतीची जाडी एकदा पट्टीने मोजा, म्हणजे १२ फूट जाडी किती ते कळेल. या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दगडाचं बांधकाम आणि मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेले दगडगोटे ठासून भरलेले. वर्षं जातात तसा चुना आणखी घट्ट होत जातो. ही भिंत तर तेव्हाच जवळजवळ नव्वद वर्षांची होती.

अशी भिंत फोडायची कशी?

किल्ला घेण्याचे चार मार्ग

त्या काळी युरोपात तोफा नव्हत्या. बंदुकीची दारूही तिथे पोहोचली नव्हती. मग किल्ला घ्यायला निघालेल्या सेनापतीपुढे चार मार्ग असत.

पहिला मार्ग, भिंतीच्या वरून जाणं. त्यासाठी शिड्या लावत. किंवा चाकांवर चालणारा लाकडी मनोरा बांधत. हा मनोरा तटापेक्षाही उंच. तो ढकलत ढकलत तटापाशी न्यायचा, वरून फळी टाकायची आणि शिपायांनी तटावर उड्या घ्यायच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण आधी खंदक बुजवावा लागे, जमीन सपाट करावी लागे. शिवाय वरून बाण, दगड आणि आग यांचा वर्षाव चालूच.

दुसरा मार्ग, भिंतीला धडका देणं. एक अजस्र ओंडका साखळ्यांनी छपराखाली टांगायचा आणि झोका देऊन दारावर आदळायचा. छपरावर ओली कातडी पसरत, म्हणजे वरून टाकलेल्या आगीने ते पेट घेत नसे.

तिसरा मार्ग, लांबून दगड फेकणं. आणि चौथा, भिंतीच्या खालून जाणं.

जॉन राजाने आधी तिसरा मार्ग धरला. त्याने दगडफेकीची पाच यंत्रं लावली. माणसांच्या पाळ्या बांधून दिल्या. एक टोळी थकली की दुसरी हजर. रात्र नाही, दिवस नाही, दगडांचा मारा सुरू. आतल्या माणसांना झोप मिळेना. पण मनोरा? तो जागचा हलेना. १२ फूट जाडीच्या भिंतीवर दगड आपटायचा, टवका उडायचा, धूळ उडायची, बस्स.

तेव्हा राजाने चौथ्या मार्गाची तयारी केली. खरं म्हणजे ती त्याच्या मनात पहिल्यापासून असावी. कारण वेढा पडून तीनच दिवस झाले असताना, १४ ऑक्टोबरलाच, त्याने जवळच्या कँटरबरी गावाला हुकूम पाठवला होता. दिवसरात्र काम करून जमतील तितके टिकाव तयार करा आणि रोचेस्टरला पाठवा!

भिंतीखालचं काम

आता तुम्ही म्हणाल, ‘हात्तिच्या! म्हणजे सुरुंगच ना?’ बरोबर, पण जरा थांबा. आपल्या इतिहासात सुरुंग म्हटलं की चाकणचा किल्ला आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी शाइस्ताखानाच्या लोकांनी बुरुजाखाली भुयार खणलं, त्यात दारू ठासली, बत्ती दिली आणि बुरुज उडाला. पण जॉनकडे तर दारूच नव्हती. मग नुसतं भुयार खणून भिंत पडेल कशी?

युक्ती अशी. खणणाऱ्या लोकांसाठी आधी चाकांवरचं एक भक्कम छप्पर तयार करत. ते ढकलत थेट भिंतीपर्यंत नेत. या छपराला लोक गमतीने ‘डुकरीण’ म्हणत. आई डुकरीण पिल्लांना पोटाशी घेते ना, तशी ही माणसांना पोटाशी घेते म्हणून. त्याच्या आडोशाने पाया खणायला सुरुवात होई. पण पाया काढून घेतला तर भिंत खणणाऱ्यांच्याच डोक्यावर येणार! म्हणून जसजशी माती काढत, तसतसे लाकडी खांबांचे टेकू देत. शेवटी काय होई? भिंतीचा तेवढा भाग जमिनीवर उभा नसून लाकडाच्या खांबांवर उभा असे.

मग त्या पोकळीत काटक्या आणि सरपण भरायचं, आग लावायची आणि पळत सुटायचं. खांब जळाले की वरची भिंत स्वतःच्याच वजनाने कोसळते. आलं लक्षात? भिंत पाडायला बाहेरून ताकद लावायचीच नाही. भिंतीचं प्रचंड वजन हीच तिची ताकद आणि तेच वजन तिच्यावर उलटवायचं.

राजाच्या लोकांनी अशा रीतीने आधी बाहेरचा तट पाडला. आतले लोक मनोऱ्यात मागे सरले. मग टिकाव मनोऱ्याकडे वळले. त्यांनी नेमका कोपरा निवडला. का ते सांगतो. चौकोनी कोपऱ्यावर दोन बाजूंनी काम करता येतं. शिवाय कोपऱ्याच्या अगदी पायथ्याशी कोण काय करतंय, ते वरच्या शिपायांना वाकल्याशिवाय दिसत नाही. आणि वाकावं तर बाण लागण्याची भीती. वर आणखी एक फायदा. कोपरा दोन भिंतींना धरून ठेवतो. तो गेला की दोन्ही भिंतींना भगदाड पडतं.

खांब उभे राहिले, सरपण भरलं. पण एवढ्या जाड ओंडक्यांना आग झटकन धरायला हवी, चांगली भडकायला हवी. जमिनीखाली हवा कमी, ओल जास्त. तेव्हा २५ नोव्हेंबरला राजाने आपल्या मुख्य अधिकाऱ्याला, ह्यूबर्ट द बर्ग याला, एक पत्र धाडलं. मोठं मजेदार पत्र आहे ते. राजा कळवतो, की दिवसरात्र घाई करून चाळीस डुकरं पाठव. चांगली लठ्ठ बघ, पण खायला सगळ्यांत कमी चांगली असतील ती निवड. मनोऱ्याखाली आग लावायची आहे!

हसू आलं ना? पण राजाचा हिशेब पक्का होता. डुकराची चरबी तुपासारखी पेटते, खूप वेळ जळते आणि तिची धग जबरदस्त असते. डुकरं आली. चरबी भुयारात गेली. आग लागली. खांब धडाधड पेटले आणि मनोऱ्याचा आग्नेय कोपरा गडगडत खाली आला.

तरीही किल्ला पडला नाही!

गोष्ट इथे संपली असं वाटतं ना? पण नाही. मनोऱ्याच्या आत एक जाड भिंत होती. ती मनोऱ्याचे दोन भाग करत होती. एक कोपरा कोसळला तशी माणसं या भिंतीच्या पलीकडे गेली. अर्धा मनोरा राजाकडे आणि अर्धा त्यांच्याकडे! तिथूनही ते लढत राहिले.

मग त्यांना हरवलं कुणी? दगडांनी नाही. आगीनेही नाही. भुकेने.

आतलं धान्य कधीच संपलं होतं. ज्या घोड्यांवर बसून ते आले, तेच घोडे ते मारून खात होते. खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून जे लढू शकत नव्हते त्यांना त्यांनी बाहेर पाठवलं. हे लोक आपल्याला सोडून देतील, अशी त्यांना आशा असेल. पण राजाने त्यातल्या काहींचे हात आणि पाय तोडले, असं त्या काळच्या एका लेखकाने नोंदवून ठेवलं आहे. किल्ल्यांच्या गोष्टींत आपण राजे आणि सेनापती यांची नावं वाचतो. ज्यांना दाराबाहेर काढलं त्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

शेवटी ३० नोव्हेंबरला, जवळजवळ सात आठवड्यांनी, उरलेल्यांनी हत्यारं खाली ठेवली. राजा इतका संतापला होता, की तो सगळ्यांना फासावर चढवणार होता. तेव्हा त्याच्याच बाजूचा एक सरदार, साव्हारी द मोलियों, पुढे झाला. त्याचं म्हणणं असं, की आज आपण यांना मारलं, तर उद्या आपली माणसं त्यांच्या हाती लागतील तेव्हा काय होईल? राजाला ते पटलं. एक तिरंदाज तेवढा फासावर गेला, बाकीचे कैदेत गेले. बघा, एका माणसाने वेळेवर बोललेल्या शब्दाने किती जीव वाचले!

वजनाची जादू

आता तुम्हाला वाटेल, की दगड फेकणारी यंत्रं म्हणजे निव्वळ आवाज. तसं समजू नका. ही यंत्रंही सुधारत होती. आणि त्यामागचं शास्त्र तुम्ही बागेत खेळताना रोज अनुभवता.

आधी जुनं यंत्र बघू. एका उंच चौकटीवर आडवा वासा बसवायचा, सी-सॉसारखा. पण आधार बरोबर मध्ये नाही, एका टोकाच्या जवळ. म्हणजे एक बाजू आखूड, एक लांब. आखूड टोकाला पुष्कळ दोऱ्या बांधायच्या. लांब टोकाला दगड. दहा-वीस किंवा त्याहून जास्त माणसांनी एकदम ‘हेऽऽय’ करून दोऱ्या खेचायच्या, की लांब टोक सप्पकन वर आणि दगड हवेत! ही कल्पना मूळ चीनमधली आणि फार जुनी. तिथून ती पश्चिमेकडे गेली. आपल्याकडेही अशी यंत्रं होती. त्यांना ‘मंजनीक’ म्हणत. १३०१ साली अल्लाउद्दीन खिलजीने रणथंभोरला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यातून आलेल्या मंजनिकाच्या दगडाने त्याचा सेनापती नुसरतखान मारला गेला.

पण माणसांनी ओढण्यात एक अडचण होती. माणसं प्रत्येक वेळी सारखाच जोर कशी लावणार? कधी हिसका जास्त, कधी कमी. मग दगड एकदा इथे पडणार, एकदा तिथे. बाराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांत कुणाच्या तरी डोक्यात आलं, की माणसांच्या जागी वजनच लटकवलं तर? आखूड टोकाला एक मोठी पेटी बांधायची. तिच्यात दगड, माती, शिसं भरायचं. लांब टोक ओढून खाली आणायचं, म्हणजे पेटी वर जाते. खुंटी घालून ते अडकवून ठेवायचं. खुंटी काढली की पेटी धाडकन खाली! हेच ते ‘ट्रेबुशे’.

कोकणातल्या मुलांनी विहिरीवरची लाट पाहिली असेल. लांब वासा, मागच्या टोकाला बांधलेला दगड, पुढच्या टोकाला पोहरा. दगडाच्या वजनामुळे भरलेला पोहरा हलक्या हाताने वर येतो. ट्रेबुशे ही तिचीच दांडगट बहीण म्हणा ना!

आता थोडं गणित. समजा, आखूड बाजू १ मीटर आणि लांब बाजू ५ मीटर आहे. आखूड टोक जितकं खाली येईल, त्याच्या पाचपट लांब टोक वर जाईल. आणि तेही तेवढ्याच वेळात. म्हणजे वेग पाचपट झाला! त्यासाठी वजन मात्र दगडापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. निसर्गात फुकट काहीच मिळत नाही.

आणि खरी गंमत अजून पुढेच आहे. दगड वाशाच्या टोकावर ठेवत नसत. टोकाला गोफण बांधलेली असे! हो, हो, आपल्या शेतातली गोफण. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलताना गोफण फिरवलीत तर लक्षात येईल, की तिची एक दोरी बोटात अडकवलेली असते आणि दुसरी नेमक्या क्षणी सोडून द्यायची असते. ट्रेबुशेची गोफणही तशीच. एक दोरी वाशाला पक्की बांधलेली. दुसरीला फास, तो टोकावरच्या आकड्यात नुसता अडकवलेला. वासा वर येतो, गोफण गरकन फिरते, फास आपोआप निसटतो आणि दगड सुटतो. आकडा थोडा वाकवला की फास लवकर किंवा उशिरा सुटणार. म्हणजे दगड जवळ किंवा लांब पडणार. झाली की नाही नेम धरायची सोय?

वजन दर वेळी तेवढंच. दगडही पाथरवट घडवून घडवून सारख्याच वजनाचे करत. मग दगड पुन्हा पुन्हा जवळजवळ त्याच जागी आदळत. भिंत एका घावाने पडत नाही, पण शंभर घाव एकाच ठिकाणी बसले तर? शिवाय हुशार माणसं भिंतीच्या जाड तळावर मारा करतच नसत. ती तटाचा वरचा कठडा फोडत. कठडा गेला की शिपायांचा आडोसा गेला. मग शिड्यांवाल्यांना आणि खणणाऱ्यांना मोकळं रान. म्हणजे ही यंत्रं एकटी लढत नव्हती. एक यंत्र दुसऱ्याची वाट साफ करत होतं.

शरण आलेल्यांवर दगड

या यंत्रांतलं सगळ्यांत नावाजलेलं यंत्र स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्यापुढे उभं राहिलं. साल १३०४. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने एप्रिलमध्ये वेढा घातला. किल्ल्यात किती माणसं असावीत? अवघी तीसच्या आसपास! सर विल्यम ऑलिफंट त्यांचा किल्लेदार.

राजाने यंत्रांची रांगच लावली. वजनाच्या पेट्यांसाठी शिसं हवं होतं. तेव्हा त्याने आसपासच्या चर्चच्या छपरांवरचं शिसं काढून आणायला सांगितलं. वेदीच्या वरचं छप्पर तेवढं ठेवा, अशीही सूचना दिली. म्हणजे पापाची थोडी भीती होतीच! मग एक अवाढव्य ट्रेबुशे बांधायला घेतलं. पाच मुख्य सुतार आणि आणखी एकोणपन्नास सुतार त्यावर राबत होते. यंत्राचं नाव ‘वॉरवुल्फ’, म्हणजे लढाईतला लांडगा.

यंत्र तयार होत आलं, तेवढ्यात २० जुलैला किल्ल्यातल्या लोकांनी शरण येत असल्याचं कळवलं. तीन महिने मूठभर माणसं झुंजली होती. लढाई संपली होती. पण एडवर्डने काय केलं असेल? त्याने सरळ नकार दिला! वॉरवुल्फचा मारा होईपर्यंत कुणी किल्ल्यातून बाहेर येणार नाही, असा हुकूम निघाला. आत असलेल्यांनी हवं तर आपला बचाव करावा. राजवाड्यातल्या स्त्रियांना तो देखावा बघता यावा म्हणून गावातल्या एका घराला खास खिडकी काढली होती. आणि यंत्र चाललं. २४ जुलैला किल्ला रीतसर ताब्यात आला.

दोस्तांनो, या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. इतकं सुंदर यंत्र! तरफ, वजन, गोफण, सगळं किती अचूक. त्या चोपन्न सुतारांच्या हातांना सलामच करायला हवा. आणि ते चाललं कशासाठी, तर हात जोडून उभ्या असलेल्या माणसांवर दगड फेकण्यासाठी. यंत्राला यातलं काहीच कळत नाही. ते खुंटी काढली की चालतं. खुंटी काढायची की नाही, हे माणसाने ठरवायचं असतं. जॉनच्या छावणीत निदान एक साव्हारी होता. एडवर्डच्या छावणीत तसं कुणी बोललं असेल, तरी राजाने ऐकलं नाही एवढं खरं.

भिंतीही शिकल्या

यंत्रं सुधारली तशा भिंतीही सुधारल्या. कोपरे खणून काढता येतात काय? मग कोपराच नको! नवे बुरुज गोल होऊ लागले. गोल बांधकामात दगड कमानीतल्या दगडांसारखे एकमेकांना दाबून धरतात. एक दगड उचकटणं कठीण. पायथा वरून सगळीकडे दिसतो, लपायला आडोसा नाही. दगड येऊन लागला तर तो बऱ्याचदा तिरका लागून सटकतो. भुयार खणतात काय? मग भोवती पाणी खेळवा! केनिलवर्थच्या किल्ल्याभोवती बंधारे घालून तळंच केलं होतं. १२६६ साली त्याला वेढा पडला, तेव्हा तिथे भुयार खणणं शक्यच नव्हतं. यंत्रांनी दगडफेक केली, आतूनही यंत्रांनी उत्तर दिलं. जवळजवळ सहा महिने वेढा चालला. शेवटी किल्ला पडला तो कशाने? पुन्हा तेच. भूक आणि रोगराई.

ट्रेबुशे प्रत्यक्ष कसं चालत असेल, याची उत्सुकता आजच्या लोकांनाही आहे. २००५ साली इंग्लंडमधल्या वॉरिक किल्ल्यात १८ मीटर उंचीचं एक ट्रेबुशे बांधलं गेलं. त्याच्या पेटीचं वजन ६ टन, म्हणजे पन्नास किलोच्या १२० पोत्यांएवढं. ते वर उचलायला चार माणसं मोठ्या लाकडी चाकांत शिरून पळायची, पिंजऱ्यातल्या खारीसारखी! एक दगड फेकायच्या तयारीला आठ जणांना अर्धा तास लागे. आता विचार करा, जुन्या काळी एखाद्या दिवसाच्या माऱ्यासाठी किती घाम गळत असेल.

घरी करून पाहा

एक लाकडी फूटपट्टी घ्या. तिच्याखाली एक जाड पेन्सिल आडवी ठेवा, १० सेंटिमीटरच्या खुणेपाशी. लांब टोकावर कागदाचा छोटा बोळा ठेवा. आखूड टोकावर एक जाड खोडरबर ठरावीक उंचीवरून सोडा. बोळा किती लांब गेला ते मोजून लिहून ठेवा. आता पेन्सिल ५ सेंटिमीटरपाशी सरकवा. मग १५ सेंटिमीटरपाशी. दर वेळी तीनतीनदा करून पाहा. बोळा सगळ्यांत लांब कधी जातो? पेन्सिल टोकाच्या अगदी जवळ नेली तर काय होतं? आणि का? एका खोडरबराऐवजी दोन एकत्र बांधून सोडले तर? आणि हो, फेकायचा तो कागदाचा बोळाच. खडा नको, गोटी नको. समोर कुणी उभं नाही ना, तेही बघा. ताईची वही किंवा आजोबांचा चष्मा म्हणजे शत्रूचा किल्ला नव्हे!

आता आपलं कोडं. तुम्ही ओळखलंच असेल. जॉन राजाच्या माणसांनी जो कोपरा चाळीस डुकरांच्या चरबीने जाळून पाडला, तोच हा आग्नेय कोपरा. जॉन वेढ्यानंतर वर्षभरातच, १२१६ साली, वारला. पुढे त्याच्या मुलाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या काळात मनोऱ्याची दुरुस्ती झाली. तोवर गवंडी धडा शिकले होते. त्यांनी नवा बुरुज बांधला तो गोल!

तेव्हा यापुढे तुम्ही कुठल्याही जुन्या किल्ल्यावर गेलात, आपल्या सह्याद्रीतल्या असो की आणखी कुठल्या, तर भिंतींकडे जरा निरखून बघा. कुठे दगडांचा रंग बदलतो? कुठे एखादा बुरुज बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो? तिथे बहुतेक काहीतरी घडलेलं असतं. कुणीतरी खणलेलं असतं, कुणीतरी उपाशीपोटी झुंजलेलं असतं आणि कुणीतरी नंतर पुन्हा बांधलेलं असतं.

फूटपट्टीचा प्रयोग नक्की करा. त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात!